काटा मोडून आत राहिला तर...

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या एस.टी.त बसलं, की खिडकीतून कापसाची पांढरी रानं दिसायला लागतात आणि मला समजतं, बोरी जवळ आलं. बोरी माझं माहेर. दिवाळीनंतरचे दिवस वेचणीचे. त्या दिवसांत आमच्या घरात सकाळी नऊनंतर माणूस सापडायचं नाही. सगळ्यात आधी कमरेला ओटी बांधून शेताची वाट धरायची ती आमची वहिनी. 'दिवसाला तिच्याएवढा कापूस वेचणारी बाई आपल्या आळीत नव्हती,' असं आई अजूनही सांगते. पण हल्ली सांगताना 'नव्हती'वर जोर देते.

यंदा गेले, तर सकाळचे अकरा वाजलेले आणि वहिनी भिंतीकडे तोंड करून पडलेली. चुलीपुढे भाची भाकरी थापत होती. तिचं बारावीचं वर्ष.

"आज कॉलेज नाही का गं?"

"आहे की आत्या. पण आईला आज उठवंना."

ओसरीवरून आईचा आवाज आला, "काई झालं न्हाई तिला. समदे रिपोर्ट चांगले आलेत. कोरोना होऊन चार वर्षं उलटली, आता काय त्याचं? आळस भरलाय अंगात, दुसरं काय!"

वहिनी जागी होती. तिनं ते ऐकलं, हे मला तिच्या पाठीवरूनच कळलं.

वहिनी माझ्याच वयाची, म्हणून आमच्यात पहिल्यापासून अगं-तुगं. संध्याकाळी दोघीच अंगणात बसलो, तेव्हा ती बोलली. २०२१ चा एप्रिल. दुसरी लाट. घरात एकामागोमाग एक सगळेच आजारी पडले. वहिनीला तीन दिवस ताप आला, अंग ठणकलं, बस्स. ना ऑक्सिजन लागला ना दवाखाना. वय अडतीस. ४५ वर्षांखालच्यांना लस मिळायला लागली ती १ मेपासून, म्हणजे तिचा नंबर यायच्या आधीच दुखणं येऊन गेलं. फक्त एक गोष्ट विचित्र झाली. फोडणी करपून घरभर धूर झाला तरी तिला वासच आला नाही.

"वास दोन महिन्यांनी आला गं परत. पण मी काही परत आले नाही," वहिनी म्हणाली. "एक दिवस रानात गेले, की दोन दिवस पडून राहावं लागायलंय. उभं राहिलं की छाती धडधडते. पोरीला हाक मारायची तर नावच आठवत नाही. डॉक्टर म्हणले, टेन्शन घेऊ नका. टेन्शन कशाचं घेऊ? मला काम करायचंय, होईना गेलंय, त्याचंच टेन्शन."

मला माझाच फोन आठवला. तिच्या तक्रारी ऐकून मीच तिला सांगितलं होतं, 'अगं, रोज थोडं चालत जा, बरं वाटेल.' तिनं ऐकलं, चालली आणि आणखी आजारी पडली. आरोग्यावर चार अक्षरं लिहिणाऱ्या नणंदेचा हा सल्ला! म्हणून परत आल्यावर जरा नीट वाचायला बसले. मैत्रिणींनो, जे समजलं ते तुमच्यासमोर ठेवते. कारण अशी एक वहिनी तुमच्याही घरात, शेजारात किंवा कदाचित आरशात असेल.

नाव दिलं ते एका रुग्णानं

या दुखण्याला 'लाँग कोविड' म्हणतात. हे नाव कुठल्या डॉक्टरांनी दिलेलं नाही. इटलीतल्या एलिसा पेरेगो या पुरातत्त्व अभ्यासक बाईंनी, स्वतः आजारी असताना, मे २०२० मध्ये ते पहिल्यांदा वापरलं. तोवर समजूत अशी, की सौम्य कोविड दोन आठवड्यांत बरा होतो. ज्या बऱ्या होत नव्हत्या त्यांनीच आपल्या दुखण्याला नाव दिलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची व्याख्या केली : लागण झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनीही असलेली, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कुठल्या आजारानं उलगडा न होणारी लक्षणं. थकवा, धाप, विसराळूपणा ही त्यातली नेहमीची. वहिनीची जंत्रीच!

पण तीन दिवसांचा ताप माणसाला वर्षानुवर्षं का सोडत नाही? यासाठी आधी विषाणू शरीरात शिरतो कसा, ते पाहावं लागेल.

बोरीचा काटा आणि साडीचा पदर

आमच्या बांधावर बोरीची झाडं आहेत. बोरीला काटे जोडीनं येतात. एक सरळ, एक आकड्यासारखा वाकडा. सरळ काटा टोचतो, वाकडा धरून ठेवतो. त्यात पदर अडकला की सुटता सुटत नाही. करोना विषाणूच्या अंगावर असेच काटे असतात. ते प्रथिनाचे असतात, इंग्रजीत त्यांना 'स्पाइक' म्हणतात. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावरही निरनिराळी प्रथिनं असतात. शरीरातले निरोप घेणं, रसायनांवर काम करणं अशी त्यांची ठरलेली कामं असतात. विषाणूचा काटा त्यातलं ज्याला धरतो ते त्याच्यासाठी 'रिसेप्टर' ठरतं. तिथूनच त्याला आत वाट मिळते.

प्रत्येक विषाणूचा पदर वेगळा. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच परभणी जिल्ह्यात मुरुंबा गावी शेकडो कोंबड्या मेल्या. तो बर्ड फ्लू होता आणि आसपासच्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. पण गावात माणसांची साथ आली नाही. त्याचं एक मोठं कारण रिसेप्टरमध्ये आहे. तो विषाणू पेशीवरच्या ज्या घडणीच्या साखरेला धरतो, ती कोंबडीच्या शरीरात भरपूर असते. आपल्या नाका-घशात फारशी नसते. आजारी पक्षी हाताळणाऱ्यांना धोका असतोच, पण एका माणसाकडून दुसऱ्याला तो सहज लागत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या सांध्यांना आठवत असेल! २००६ साली मराठवाड्यात चिकुनगुनिया आला. ताप आठवड्यात गेला, पण गुडघे आणि बोटं महिनोन् महिने धरलेली. चिकुनगुनियाचा विषाणू पेशीवरच्या ज्या प्रथिनाला धरतो ते २०१८ मध्ये सापडलं. सांधे, कूर्चा आणि स्नायू यांतल्या पेशींवर ते असतं. विषाणू कुठे चिकटतो त्यावरून दुखणं कुठे बसणार, हे बरंचसं ठरतं.

करोना विषाणू ज्याला धरतो त्या प्रथिनाचं नाव 'एसीई-२'. २००३ मध्ये सार्सची साथ आली तेव्हाच ते शास्त्रज्ञांना सापडलं होतं आणि २०२० मध्ये नव्या विषाणूनंही तीच वाट धरली. एसीई-२ फुप्फुसात असतं, तसंच हृदय, मूत्रपिंड आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही असतं. लहान आतड्याच्या अस्तरात तर भरपूर. म्हणून हा आजार नुसता छातीचा राहिला नाही. वहिनीचा वास का गेला, तेही इथेच समजतं. वास ओळखणाऱ्या मज्जापेशींवर एसीई-२ जवळजवळ नसतं. त्यांना सांभाळणाऱ्या शेजारच्या पेशींवर मात्र असतं. विषाणूनं त्या शेजारणींना घेरलं आणि वासाच्या पेशींचं काम बंद पडलं.

यात महाराष्ट्राचाही एक धडा आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती आणि विदर्भात रुग्ण झपाट्यानं वाढले. तेव्हा विषाणूचं एक नवं घराणं समोर आलं. त्यातल्याच एका वंशजाला ३१ मे २०२१ रोजी 'डेल्टा' हे नाव मिळालं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, डॉ. प्रिया अब्राहम संचालक असताना, डॉ. सारा चेरियन आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या दुसऱ्या लाटेतल्या विषाणूंचे काटे तपासले. काट्यावरच्या मोजक्या जागी बदल झाले होते. त्यामुळे तो एसीई-२ ला अधिक घट्ट धरत असावा, असं त्यांच्या विश्लेषणातून दिसलं. काट्यातल्या हजाराहून अधिक अमिनो आम्लांतली दोन-चार बदलली आणि आपण सगळ्यांनी तो एप्रिल पाहिला.

ताप गेला, मग काटा कुठे गेला?

आता मुख्य प्रश्न. बोरीचा काटा पायात मोडला, टोक आत राहिलं, तर झाडापासून कितीही लांब गेलं तरी पाय ठसठसतोच. कधी त्याचं कुरूप होतं. लाँग कोविडमध्येही असंच काही घडत असावं, असा शास्त्रज्ञांचा संशय आहे. 'संशय' हा शब्द मी मुद्दाम वापरतेय.

पहिली गोष्ट, एसीई-२ काही विषाणूसाठी ठेवलेला दरवाजा नाही. शरीरात रक्तवाहिन्या आकसणारं एक रसायन असतं. एसीई-२ ते मोडून त्यापासून वाहिन्या सैल करणारं रसायन तयार करतं. बीपीच्या बऱ्याच गोळ्या याच साखळीवर काम करतात. काटा चिकटला की विषाणूबरोबर एसीई-२ ही पेशीच्या आत ओढलं जातं आणि पृष्ठभागावर कमी पडतं. मग आकसणारं रसायन वरचढ होतं, सूज वाढते. (म्हणून कुणी आपली बीपीची गोळी मनानं बंद करू नका. २०२० मध्ये ती भीती पसरली होती, पण अशा गोळ्या बंद करण्याची गरज नाही, हे अभ्यासांतून दिसलं.)

दुसरी गोष्ट, काटा रक्त गोठवणाऱ्या प्रथिनालाही धरतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन संस्थेतल्या डॉ. कॅटरिना अकासोग्लू यांच्या गटानं २०२४ मध्ये उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. विषाणूचं काटा-प्रथिन फायब्रिनला चिकटतं, त्यातून सहज न विरघळणाऱ्या गाठी होतात आणि त्या फुप्फुसात आणि मेंदूत दाह पेटता ठेवतात, असं त्यांना दिसलं. माणसात हे किती लागू पडतं, ते ठरायचं आहे.

तिसरी गोष्ट मोडलेल्या काट्याची. काही लोकांच्या रक्तात लागण झाल्यावर वर्षभरानंतरही विषाणूची प्रथिनं सापडली आहेत. बोस्टनच्या शास्त्रज्ञांनी पाचशेहून अधिक लोकांचं रक्त तपासून २०२४ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांना लाँग कोविडची प्रमुख लक्षणं होती, त्यांच्यापैकी ४३ टक्के लोकांत विषाणूची प्रथिनं मिळाली. जे पूर्ण बरे झाले होते, त्यांच्यात २१ टक्के. म्हणजे दुपटीचा फरक. कदाचित आतड्यासारख्या कोपऱ्यात विषाणूचे अवशेष दडून राहत असतील आणि शरीराची संरक्षण यंत्रणा त्यांच्याशी झगडत थकत असेल.

पण हेच आकडे उलटे वाचा. लक्षणं असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांत काहीच मिळालं नाही आणि ठणठणीत असलेल्या पाचांतल्या एकात मिळालं. तेव्हा सगळं उत्तर या काट्यात नाही. येल विद्यापीठातल्या डॉ. अकिको इवासाकी आणि सहकाऱ्यांना लाँग कोविडच्या रुग्णांत कॉर्टिसोल हे संप्रेरक कमी आढळलं, शिवाय शरीरात झोपलेले जुने विषाणू जागे झाल्याच्या खुणाही दिसल्या. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डमध्ये रुग्णांना पंधरा दिवस विषाणूविरोधी गोळ्या देऊन पाहिल्या, त्यांचा खास फायदा झाला नाही. औषध अजून हाती नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

'मग लशीतही काटाच होता ना?' हा प्रश्न मला बोरीतही विचारला गेला. रास्त प्रश्न आहे. कोविशिल्डसारखी लस पेशींना थोडे दिवस, थोड्या प्रमाणात काटा-प्रथिन बनवायला लावायची, म्हणजे शरीर त्याला ओळखून ठेवील. लशीचे दुष्परिणाम क्वचित काहींना झाले, तेही नाकारायचं कारण नाही. पण खऱ्या आजारात विषाणू स्वतःच्या असंख्य प्रती काढत शरीरभर फिरतो. लागण होण्याआधी लस घेतलेल्यांमध्ये लाँग कोविड कमी आढळतो, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे.

'रिपोर्ट नॉर्मल' म्हणजे बाई नॉर्मल?

अमेरिकेत सुमारे १२ हजार लोकांच्या अभ्यासात पुरुषांपेक्षा स्त्रियांना लाँग कोविडचा धोका सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त दिसला. हे निष्कर्ष जानेवारी २०२५ मध्ये आले. स्त्रियांची प्रतिकारयंत्रणा अधिक तिखट असते, संप्रेरकं वेगळी असतात, अशी कारणं तपासली जात आहेत. पण आपल्याकडे बाईच्या थकव्याला आधीच नावं तयार असतात. आळस, टेन्शन, नखरे, सासूचा राग. नेहमीच्या तपासण्यांत एसीई-२ ची किंवा काट्याच्या अवशेषांची तपासणी नसते. त्यामुळे रिपोर्ट 'नॉर्मल' येणारच. त्याचा अर्थ एवढाच, की ज्या गोष्टी शोधल्या त्या सापडल्या नाहीत.

मात्र सगळंच कोविडवर ढकलणंही बरोबर नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. म्हणून आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बीपी, बी-१२ तपासून घ्या. खोकला दोन आठवड्यांवर टिकला तर थुंकी तपासा. छातीत दुखलं, श्वास अडला, एकच पाय सुजला, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगा, की कोविड कधी झाला आणि त्यानंतर काय काय बदललं.

यात सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे श्रमानंतरचा उशिरानं येणारा थकवा. काम करताना ठीक वाटतं आणि दुसऱ्या दिवशी किंवा तिसऱ्या दिवशी माणूस कोसळतं. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०२४ मध्ये अशा रुग्णांच्या स्नायूंचे तुकडे व्यायामाआधी आणि नंतर तपासले, तर व्यायामानंतर स्नायूंची हानी वाढलेली दिसली. म्हणजे 'चालत जा, बरं वाटेल' हा माझा सल्ला चुकलाच होता. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी थकल्यावर नाही, थकण्याआधी थांबायचं असतं. धुणं एक दिवस, दळण दुसऱ्या दिवशी. भाजी बसून चिरायची. वेचणीला गेलंच तर थोडा वेळ वेचून सावलीला बसायचं, अंगात बळ आहे असं वाटलं तरी! कुठल्या कामानंतर काय झालं, ते वहीत लिहून ठेवायचं. आणि 'ताकदीची' सलाईन किंवा 'काटा बाहेर काढणाऱ्या' महागड्या पावडरी यांवर पैसे घालवायचे नाहीत.

हे सगळं वाचून पंधरा दिवसांनी मी पुन्हा बोरीला गेले. आईला रिसेप्टर, प्रथिनं काय सांगणार? तिला तिचीच आठवण करून दिली. २००६ मध्ये चिकुनगुनियानं तिला धरलं होतं.

"तुझा ताप किती दिवस होता गं?"

"चार-पाच दिवस असंल."

"आणि हात?"

आई आपल्या बोटांकडे बघायला लागली. "दिवाळीपस्तोर तांब्या उचलत नव्हता मला," ती म्हणाली. "तवा तुझी आजी म्हणायची, सोंग करायली."

मग मी बोरीच्या काट्याचं सांगितलं. आई काहीच बोलली नाही. दादा दारात उभा राहून ऐकत होता, तोही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली, तेव्हा चुलीपुढे आई होती. दादा दळणाचा डबा घेऊन गिरणीवर निघाला होता आणि भाची वेणी घालून, दप्तर घेऊन जिंतूरच्या गाडीसाठी पळत होती. वहिनी खाटेवर बसून शेंगा सोलत होती, हळूहळू. मांडीशी शाळेची एक जुनी वही आणि पेन.

थोड्या वेळानं शेजारच्या काकू डोकावल्या. "काय ओ, सून असून तुम्हीच चुलीपुढं? तिला काय झालंय?"

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. "बरं न्हाई तिला," ती म्हणाली. "काटा मोडलाय आत. टाइम लागतो."